परत फिरायची जागा

प्रश्न असा आहे: "डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्ज यांची 'द मंकीज पॉ' ही माकडाच्या पंज्याची कथा वाचली. फकिरानं पंज्यात मंत्र भरला तेव्हाच सगळं ठरून गेलं होतं, तर मग त्या म्हाताऱ्यानं काय मागितलं याला अर्थ काय उरतो? दुसरं म्हणजे, मी स्वतः गूढकथा लिहितो. पुढे काय होणार याची चाहूल दिली की वाचक शेवट आधीच ओळखतात, आणि नाही दिली तर 'फसवलंत' म्हणतात. माझं कुठे चुकतंय?"

दिवाळी अंकांसाठी येणाऱ्या गूढकथा वाचायचं आणि त्यातल्या निवडायचं काम मी पंचवीसहून जास्त वर्षं करते आहे. मार्च-एप्रिलपासून पाकिटं यायला लागायची, आता मेल येतात. या सगळ्या वाचनातून एक गोष्ट मनात पक्की बसली आहे, आणि तिच्यामुळे मला तुमचे हे दोन प्रश्न एकच वाटतात. चाहूल म्हणजे पुढच्या संकटाची आगाऊ बातमी नव्हे. पात्राला जिथून परत फिरता आलं असतं ती जागा म्हणजे चाहूल. पात्र ती जागा बघतं, तिच्याशी थोडं थबकतं आणि पुढे जातं. वाचकही त्याच्याबरोबर पुढे जातो. शेवटी संकट कोसळतं तेव्हा दोघांनाही ती जागा आठवते. नियती म्हणून आपण जिला नावं ठेवतो ती कथेत अशाच जागांची बनलेली असते.

तुम्ही जेकब्जचं नाव काढलंत म्हणून तिथूनच सुरुवात करते. ही कथा १९०२ सालची. जेकब्ज लंडनच्या गोदीभागात वाढलेला लेखक, आणि त्याचं नाव झालं ते खलाशांच्या विनोदी कथांवर. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल. कथेचा पहिला परिच्छेद पुन्हा काढून वाचा. बाहेर थंडी आणि पाऊस, आत शेकोटी, बाप आणि मुलगा बुद्धिबळ खेळताहेत, पांढऱ्या केसांची आई विणत बसली आहे. बापाची खेळायची तऱ्हा अशी की तो आपल्या राजाला काही कारण नसताना धोक्यात घालतो, इतका की विणणारी आईसुद्धा बोलल्याशिवाय राहत नाही. मग बापाच्या लक्षात येतं की आपण घातक चूक केली आहे, पण वेळ निघून गेली आहे. ती मुलाच्या नजरेला पडू नये म्हणून तो म्हणतो, "वारा ऐक कसा सुटलाय."

संपूर्ण कथा या चार ओळींत आहे. गरज नसताना पत्करलेला धोका, उशिरा दिसलेली चूक, आणि ती घरच्यांपासून झाकायची धडपड. पण पहिल्यांदा वाचताना हे कुणाच्या ध्यानात येत नाही, कारण त्या ओळींना तिथे स्वतःचं काम आहे. त्या आपल्याला एक प्रेमळ, जरा उतावळा बाप दाखवतात. वाचकाला गंमत वाटते आणि तो पुढे जातो. विनोदी लेखकाचा हात इथे कामी आला आहे. हसलेला वाचक शंका घेत नाही.

मग सार्जंट-मेजर मॉरिस येतो. एकवीस वर्षं हिंदुस्थानात काढून आलेला. त्याच्या खिशात वाळलेला पंजा. तो सांगतो की एका म्हाताऱ्या फकिरानं त्यात मंत्र घातला, माणसाचं आयुष्य नियतीच्या हातात असतं आणि तिच्यात ढवळाढवळ करणाऱ्याच्या पदरी दुःखच येतं, हे त्याला दाखवून द्यायचं होतं. तीन माणसांना तीन-तीन इच्छा. इथेच तुमचा प्रश्न उभा राहतो: फकिरानं ठरवलंच आहे, तर बाकीच्यांनी काय करायचं?

आता पुढची दोन पानं बोट ठेवून वाचा. मॉरिस पंजा शेकोटीत टाकतो. व्हाइट, म्हणजे तो बाप, ओरडून खाली वाकतो आणि तो बाहेर काढून घेतो. मॉरिस म्हणतो, जळू दे, तेच बरं. व्हाइट म्हणतो, तुम्हाला नको असेल तर मला द्या. मॉरिस म्हणतो, मी देत नाही, मी तो आगीत टाकला होता. ठेवलात तर पुढे जे होईल त्याचा दोष मला देऊ नका, शहाणे असाल तर परत आगीत टाका. नंतर व्हाइट थट्टेनं पंजा उचलतो तेव्हा मॉरिस घाबरून त्याचा हात धरतो आणि म्हणतो, मागायचंच असेल तर काहीतरी समंजस मागा. निघताना तो पुन्हा एकदा फेकून द्यायची विनवणी करतो. आणि पाहुणा गेल्यावर बायको विचारते, तुम्ही त्याला काही दिलंत का? व्हाइट सांगतो, किरकोळ रक्कम; तो घेत नव्हता, मीच घ्यायला लावली.

पंजा या घराच्या माथी मारला गेला नाही. तो विस्तवातून काढला, मागून घेतला आणि वर नको म्हणणाऱ्याच्या हातात पैसे कोंबून विकत घेतला. फकिराचा मंत्र खरा असो की खोटा, ही चार-पाच वळणं व्हाइटची स्वतःची आहेत. "दैव देतं आणि कर्म नेतं" असं आपण म्हणतो ते इथे उलटं झालं आहे: दैव अजून काही द्यायला तयार नव्हतं, कर्मानं ते ओढून आणलं.

आणि मागताना काय मागतो? आधी तो म्हणतो की काय मागावं तेच सुचत नाही, मला जे हवं ते सगळं माझ्याकडे आहेच. माझ्या मते कथेतलं सगळ्यात भयंकर वाक्य हे आहे, दारावरची थाप नव्हे. घर, बायको, मुलगा, शेकोटी. आत्ता तोंडाला कुलूप लावलं असतं तर गोष्ट संपली असती. पण मुलगा हर्बर्ट म्हणतो, घराचं कर्ज फिटलं की तुम्ही सुखी, मग दोनशे पौंड मागा की. थट्टा चालली आहे. हर्बर्ट पियानोवर गंभीर सूर वाजवतो. बाप दोनशे पौंड मागतो. म्हणजे रक्कम मुलानं सुचवली, आणि तीच रक्कम दुसऱ्या दिवशी मुलाच्या मृत्यूपोटी कंपनीचा माणूस घेऊन येतो. हर्बर्ट यंत्रात सापडला.

हर्बर्टची बोलणी बघा. सकाळी कामाला निघताना तो सांगतो, मी परत येईपर्यंत पैशांना हात लावू नका. रोजचं घरगुती वाक्य. शेवट माहीत असताना ते वाचवत नाही. आधीच्या रात्री त्यानंच चिडवलं होतं की पैसे पलंगाच्या मधोमध मोठ्या पिशवीत बांधलेले सापडतील आणि कपाटावर काहीतरी भयानक बसून तुमच्याकडे बघत असेल. पुढे आईच्या हट्टापायी बाप दुसरी इच्छा मागतो, मुलगा पुन्हा जिवंत होऊ दे, आणि त्याच घरात मध्यरात्री जे दाराशी येतं ते कोण, हे लेखक शेवटपर्यंत दाखवत नाही. पण त्याची जागा आपल्या मनात हर्बर्टनं स्वतःच हसत हसत तयार करून ठेवलेली असते.

अजून एक, आणि ही गोष्ट मला कथा दहा-बारा वेळा शिकवून झाल्यावर दिसली. मॉरिस सांगतो की पंज्याच्या पहिल्या मालकानं पहिल्या दोन इच्छा काय मागितल्या ते ठाऊक नाही, पण तिसरी मरणाची होती. वाचताना ते नुसतं वातावरण वाटतं. शेवटच्या पानावर आई दाराची कडी काढायला धावली आहे, वरची खिट्टी तिच्या हाताला लागत नाही, बाप जमिनीवर चाचपडून पंजा शोधतो आणि तिसरी इच्छा पुटपुटतो. काय मागितलं, हे जेकब्ज लिहीत नाही. दार उघडतं तर समोरच्या दिव्याखाली सुनसान रस्ता. म्हणजे या घरातही तिसरी इच्छा मरणाचीच होती, फक्त स्वतःच्या नव्हे, आपल्या मुलाच्या. चाहूल खरी ठरली, पण वेगळ्या अंगानं. पहिल्यांदा वाचणाऱ्याला ती ओळखता येणं शक्य नव्हतं, आणि तरी ती समोर उघड्यावर ठेवलेली होती. "फसवलं" अशी तक्रार इथे कुणी करू शकत नाही.

आता नियतीबद्दल. आपल्याकडे या विचारासाठी तीन शब्द आहेत आणि गूढकथा लिहिणाऱ्यानं ते हाताशी ठेवावेत: संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण. जुनी उपमा धनुर्धाऱ्याची. भात्यातले बाण म्हणजे संचित, सुटलेला बाण म्हणजे प्रारब्ध, आणि आत्ता दोरीवर चढवलेला, अजून न सुटलेला बाण म्हणजे क्रियमाण. सुटलेल्या बाणाची गोष्ट दुःखाची असू शकते, पण तिच्यात उत्कंठा नसते. उत्कंठा असते ती ताणलेल्या दोरीत. दुसरी इच्छा मागायला बायको हट्ट धरते तेव्हा व्हाइटला परिणाम माहीत असतो. हा मूर्खपणा आहे, पाप आहे, असं तो म्हणतो, मुलाला आपण फक्त कपड्यांवरून ओळखलं होतं हेही तिला सांगतो. आणि तरी पंजा उचलतो. पहिली इच्छा अजाणतेपणी, दुसरी पूर्ण जाणून. तुम्ही विचारलंत अर्थ काय उरतो. सगळा अर्थ या दोन इच्छांमधल्या फरकात आहे. शिवाय व्हाइटच सांगतो की मॉरिसच्या म्हणण्याप्रमाणे गोष्टी इतक्या सहज घडतात की वाटलं तर योगायोग म्हणावं. कारखान्यात माणसं अपघातानं मरतच होती. जेकब्जनं नियतीवर शिक्का मारला नाही, निवडींवर मात्र मारला.

इथे मला आपल्या घरातली एक गोष्ट आठवते आणि ती याहून कितीतरी जुनी आहे. महाभारताच्या आदिपर्वातली परीक्षिताची. शिकारीत दमलेला राजा मौनव्रती शमीक ऋषींना काही विचारतो, उत्तर मिळत नाही, रागाच्या भरात तो मेलेला साप धनुष्याच्या टोकानं उचलून त्यांच्या गळ्यात टाकतो. मुलगा शृंगी शाप देतो: सात दिवसांत तक्षक तुला मारील. म्हणजे शेवट सुरुवातीलाच जाहीर. राजा एका खांबावर महाल उभारतो, पहारे बसवतो, वैद्य ठेवतो. सातव्या दिवशी सूर्य मावळायला आलेला असताना ब्राह्मणांच्या वेषात नाग फळं घेऊन येतात. राजाच्या हातातल्या फळात बारीकशी अळी असते. आमच्याकडे आजी सांगायची तेव्हा ते फळ बोर असायचं. राजा हसून म्हणतो, दिवस तर मावळत आला, आता मला विषाचं भय नाही. ऋषीचं वचन खोटं पडू नये म्हणून ही अळीच तक्षक होऊन मला डसू दे. आणि ती अळी उचलून स्वतःच्या गळ्यावर ठेवतो.

लहानपणी मला अळीची भीती वाटायची. संपादनाला लागल्यावर गळा दिसला. साप गळ्यात टाकण्यानं गोष्ट सुरू झाली, गळ्यावर साप ठेवण्यानं संपली, आणि दोन्ही वेळा हात राजाचाच. शाप अटळ असेलही. पण अळी गळ्यावर ठेवायला शापानं सांगितलं नव्हतं. त्याला फळ फेकून देता आलं असतं. सात दिवस जपलेला माणूस अखेरच्या घटकेला सैल पडला, आणि सैल पडला तो हसून, जवळजवळ सौजन्यानं. असा शेवट ज्या कथेला सुचतो तिथे दैव आणि निवड एकमेकांवर चढलेल्या दोन वेलींसारखी असतात, एक ओढली की दुसरी येते.

हीच गोष्ट बगदाद आणि समाराच्या छोट्या बोधकथेत आहे, जी सॉमरसेट मॉम यांनी १९३३ च्या त्यांच्या नाटकात मृत्यूच्या तोंडी घातली. बाजारात मृत्यू दिसला म्हणून नोकर मालकाचा घोडा घेऊन समाराला पळतो. मृत्यू म्हणतो, मला त्याला बगदादमध्ये बघून आश्चर्य वाटलं, आमची भेट आज रात्री समाराला ठरली होती. मूळ कल्पना फार जुनी आहे, तालमुद या ज्यूंच्या धर्मग्रंथात आहे, सूफी कवी रूमींच्या मसनवीत आहे. रूमींचा माणूस तर वाऱ्यावर बसून हिंदुस्थानात पळतो. या कथेत निवडीला जागाच नाही असं पुष्कळ जण म्हणतात. मला ते पटत नाही. समारा हे नाव नोकरानं स्वतः घेतलं. मृत्यूनं त्याला हाकललं नाही.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते. वाचक शेवट ओळखतात याची तुम्हाला धास्ती आहे. एडगर ॲलन पो यांची १८४६ ची 'द कास्क ऑफ अमोंटिलाडो' घ्या. पहिल्याच वाक्यात माँट्रेसर सांगतो की फॉर्च्युनाटोनं अपमान केला तेव्हा मी सूड घ्यायचं ठरवलं. संपलं. काय होणार ते कळलं. तरी शेवटपर्यंत श्वास रोखलेला राहतो, कारण अमोंटिलाडो ही दारू पारखायला म्हणून खाली तळघरात नेताना तोच माँट्रेसर पुन्हा पुन्हा म्हणतो, चला परत जाऊ, तुम्हाला खोकला आहे, तुमची तब्येत मोलाची आहे. फॉर्च्युनाटो म्हणतो, खोकल्यानं काही मी मरायचा नाही. माँट्रेसर म्हणतो, खरं आहे, खरं आहे. आणि दर वेळी परत फिरायची गोष्ट निघाली की लुकेसी या दुसऱ्या पारख्याचं नाव पुढे येतं: दारूची पारख तो करील, तुम्ही कशाला त्रास घेता. फॉर्च्युनाटोला लुकेसीचं नाव सहन होत नाही. तो पुढे जातो.

मारणाराच परतीचं दार उघडून धरतो आहे, आणि मरणारा आपल्या गर्वापायी ते लावून घेतो आहे. वाटेत फॉर्च्युनाटो गुप्त संघटनेची खूण करून विचारतो, तुम्ही मेसन आहात का? माँट्रेसर झग्याखालून गवंड्याची थापी काढून दाखवतो. मेसन म्हणजे त्या संघटनेचा सभासद आणि गवंडीही; या शब्दाच्या खेळावर दोघं पुढे जातात. त्याच थापीनं माँट्रेसर त्याला पुढे भिंतीत चिणतो. खुनाचं हत्यार वाचकाच्या डोळ्यांसमोर ठेवलं, पण विनोदाच्या निमित्तानं. थापीला तिथे असायला तिथलं कारण आहे.

हे शेवटचं वाक्य मी शिबिरात फळ्यावर लिहिते. चेखवचं बंदुकीबद्दलचं म्हणणं सगळ्यांना पाठ असतं, की उडणार नसेल तर भरलेली बंदूक रंगमंचावर ठेवू नका. ते वाचून नवे लेखक भिंतीवर बंदुका टांगत सुटतात. पण बंदूक नुसती टांगलेली असली की वाचक तिच्याकडे बघतच बसतो. ती आजोबांची असली पाहिजे, तिच्यावरून भावाभावांत भांडण असलं पाहिजे, आई तिच्यावर ओले टॉवेल वाळत घालत असली पाहिजे. म्हणजे वाचकाला तिचं असणं समजतं आणि तो पुढे वाचतो.

मोपासां यांची १८८४ ची हिऱ्याच्या हाराची कथा गूढकथा नव्हे, पण यातलं कौशल्य तिथे शिकावं. मातिल्द मैत्रिणीकडून हार मागून नेते आणि हरवते. नवरा-बायको हाराच्या डबीवरचं नाव बघून त्या जवाहिऱ्याकडे जातात. तो वही बघून सांगतो, हार मी विकलेला नाही, फक्त डबी माझी असावी. बस, एवढंच. डबी एकाची, हार दुसऱ्याचा. हार खोटा होता हे कथेच्या मध्यावर सांगून टाकलं आहे, पण त्या वेळी आपण त्या दोघांच्या धावपळीत असतो आणि आपल्याला फक्त एवढंच वाटतं की अरेरे, आता दुसरीकडे शोधावं लागणार. मग छत्तीस हजार फ्रँकचा नवा हार, दहा वर्षांचं कर्ज, आणि शेवटी मैत्रीण सांगते की माझा फार तर पाचशेचा होता. परत फिरायची जागा इथे कुठे होती? हार हरवला त्या रात्रीपासून डबी परत देईपर्यंत रोज. मैत्रिणीला खरं सांगणं, एवढंच. ते सांगितलं नाही याला दैव कसं म्हणणार?

शर्ली जॅक्सन यांची 'द लॉटरी' (१९४८) तर दुसऱ्याच परिच्छेदात मुलांच्या खिशात दगड भरते, कोपऱ्यात दगडांचा ढीग रचून दाखवते. मुलं दगड गोळा करतात यात नवल ते काय, म्हणून आपण पुढे जातो. 'न्यूयॉर्कर'मध्ये ती छापून आल्यावर त्या उन्हाळ्यात लेखिकेला तीनशेवर पत्रं आली, बरीचशी गोंधळलेली आणि संतापलेली. कारण शेवटी गाव चिठ्ठी निघालेल्या बाईला त्याच दगडांनी मारतं. ढीग सगळ्यांनी पाहिला होता.

आता जरा आपल्या घरच्याकडे. जी. ए. कुलकर्णी म्हणजे जीएंच्या कथा वाचत मोठ्या झालेल्या आपल्या लेखकांना 'नियती' हा शब्द फार जवळचा आहे. जीएंनी तो कमावला होता. त्यांची माणसं त्या शब्दापर्यंत पोचेतो वाचक रक्तबंबाळ झालेला असतो. माझ्याकडे येणाऱ्या कथांत तो बहुतेक वेळा शेवटच्या परिच्छेदात येतो, "नियतीचा खेळ कुणाला चुकला आहे?" अशा वाक्यात. लेखकाला जिथे कारण सापडलं नाही तिथे नियती बसवलेली असते. तुम्ही तुमची कथा उघडून बघा. तो शब्द काढला की कथा लंगडी होते का? होत असेल तर पात्रानं काय निवडलं हे तुम्ही अजून ठरवलेलं नाही.

काही वर्षांपूर्वी एक कथा आली होती. लेखिका नवी होती. कोकणातलं घर, गणपतीला सगळे जमलेले. पाचव्या दिवशी तांब्याची कळशी विहिरीत पडते, थोरला मुलगा दोराला धरून खाली उतरतो, दोर तुटतो. भाषा चांगली होती, घर डोळ्यांसमोर उभं राहत होतं. पण पहिल्या तीन पानांत रात्री कुत्रं रडत होतं, समई वाऱ्याशिवाय विझत होती, पाल चुकचुकत होती, आजीचा उजवा डोळा लवत होता. शिवाय पुरोहिताला आरती करताना ठसका लागत होता. तिसऱ्या पानाला मला कळलं की कुणीतरी मरणार, आणि आठव्या पानापर्यंत मी कोण मरणार याची नुसती वाट बघत बसले. तुमचे वाचक हेच करत असावेत. त्यांनी शेवट ओळखला याचं वाईट वाटून घेऊ नका. ओळखल्यानंतर त्यांना करायला काही उरलं नाही, दुखणं ते आहे. कुत्रं रडलं तर घरातल्या कुणी काय करायचं? काहीच नाही. अपशकुनापुढे माणूस हातपाय बांधलेला असतो. त्यात भीती आहे, निवड नाही.

मी फोन करून म्हटलं, सगळे शकुन काढून टाका आणि मला फक्त दोर दाखवा. पहिल्या दिवशी पाणी काढताना आजोबांना दिसू दे की काथ्याच्या दोराच्या तीन पेडांपैकी एक झिजून सुटत आलाय. ते म्हणू देत, "गणपती झाले की बदलू." एवढंच वाक्य. आणि ते एकटं ठेवू नका. मागून कुणीतरी विचारू दे, मोदकांना नारळ किती सोलायचे, आजोबा उत्तर देऊ देत, बारा. वाचकाच्या कानात बारा नारळ राहतील आणि दोर डोळ्याच्या कोपऱ्यात जाऊन बसेल. नंतर एकदाच, मधे कुठेतरी, कुणीतरी दोर भिजल्यावर जड झाला म्हणून कुरकुरू दे. मग पाचवा दिवस.

तिनं विचारलं, पण आजोबांनी दोर का बदलला नाही? ते बेफिकीर नाहीत. मी म्हटलं, हाच प्रश्न घेऊन बसा, मला विचारू नका. व्हाइटला पंजा हवा होता तो लोभानं नव्हे, मजेनं. फॉर्च्युनाटोला गर्व होता. मातिल्दला लाज. आजोबांना काय आहे?

तुमच्या हातात कथा असेल तर तुम्हीही हेच करून बघा. शेवट आधी लिहून काढा. मग उलटं चालत या आणि विचारा, हा माणूस शेवटचा कधी मोकळा होता? तिथे थांबा. त्या जागी कुठली वस्तू, कुठला माणूस, कुठलं वाक्य त्याच्यासमोर होतं? ती चाहूल. बाहेरून काही आणायची गरज पडत नाही. मग ती जागा कथेत लवकर आणा आणि शेवटापासून लांब ठेवा. आणि पात्रानं पुढे जायचं जे कारण निवडलं ते वाचकालाही त्या क्षणी पटलं पाहिजे. आपणही हेच केलं असतं असं त्याला वाटलं पाहिजे. वाचकाला पात्र मूर्ख वाटलं की उत्कंठा मेली. एखादा चाणाक्ष वाचक दोर ओळखेल. ओळखू दे. तो पाचव्या दिवसापर्यंत मनातल्या मनात "अहो, दोर बदला" म्हणत राहील, आणि त्याला कथा बाकीच्यांपेक्षा जास्त लागेल.

तीन आठवड्यांनी त्या लेखिकेचा दुसरा खर्डा आला. तिनं माझी सूचना घेतली नव्हती, तिला त्याहून चांगलं सापडलं होतं. आजोबा बेफिकीर नव्हतेच. चतुर्थीच्या आदल्या दिवशी ते चिपळूणच्या बाजारातून नवा दोर घेऊन आले होते. पण मुंबईची नातवंडं आली आणि त्यांनी झोपाळ्याचा हट्ट धरला, तेव्हा आजोबांनी तोच दोर अंगणातल्या आंब्याला बांधून दिला. म्हणाले, "विसर्जनापर्यंत खेळू देत, विहिरीला काय, जुना चार दिवस काढील." शेवटच्या पानावर सगळे विहिरीकडे धावलेले असतात, अंगण रिकामं असतं, आणि धाकटी नात नुकतीच उतरून पळालेली म्हणून झोपाळा अजून हलत असतो.